निंबाच्या बुडातली छत्री

सासूची बाज उचलली त्या दिवशी अंगणात आमी चौघी होतो. माही सासू, माही जाऊ, माही बारकी लेक अन् मी. माहे मालक आदल्या साली वारलते. भासरे, म्हंजे जावेचे मालक, वावरात गेलते.

अंगणातल्या कडूनिंबाखाली आमची मातामाय, शेंदूर लावलेला गोटा. सासू रोज आंघोय करून तिच्यावर पाणी घाले अन् उरलेली घागर निंबाच्या बुडात ओते. तिच्या सासूनंबी तसंच केलतं. माह्या सासूची बाजबी तिथंच राहे. डोयानं कमी दिसे, पण पोरीले तीच सांभाये, म्हणून मी रोजीले जाऊ शके.

त्या बुडात एक छत्री निंगाली. उकिरड्यावर कुत्र्याची छत्री येते तशी नाजूक नाई. भाकरीएवढी, तपकिरी, काठाले पांढरी, लाकडासारखी कडक, खोडाले चिपकलेली. सासूनं हात फिरवला अन् म्हणे, "मायनं पाट मांडला." लगेच हयद-कुंकू वाह्यलं. मग तिच्या बाजूले आणखी निंगाल्या.

मले भेव वाटे. बाजारात मडकं घेताना वाजवून पाहतो, तसं मी वरवंट्यानं खोड वाजवलं. वर ठक्क वाजे, छत्रीजवय भद्द.

"आत्याबाई, बाज ओसरीत घेऊ. झाड आतून पोकय झालं."

"काऊन वो? पोरगा गेला माहा, आता मायपासूनबी तोडतं का मले?"

"तोडत नाई, सरकवतो."

"मी मेल्यावर सरकवजो!"

ती काई उठेना. मग मी अन् जावेनं तिच्यासकट बाजच उचलली. ती वरतून वरडे, "पाह्य वो माय, या सटव्या जित्तेपणीच माही तिरडी काढून राह्यल्या!" जावेले असं हासू आलं का ती मधातच मटकन बसली. बाज टेकली, सासूनं तिले आणखी शिव्या घातल्या. शेवटी नेलीच ओसरीत. मग लई दिवस माह्याशी अबोला.

पोयाच्या सणाआधी निंब पडला. दुपारची वेय, वारा नाई, पाणी नाई. बाज राहे तिथंच आडवा. सासू ओसरीत तूर निवडून राह्यली होती, लेक तिच्या मांडीले टेकून झोपली होती.

"काय पडलं वो?"

"निंब."

तिनं तुरीचं सूप खाली ठेवलं. मग म्हणे, "मायनंच तुले बुद्धी देली. नाई त तुह्याजवय कुठून आली असती!"

मी म्हटलं, "हो, मायनंच देली."

बुडाचं लाकूड हातानं कुस्करे, चुलीत नुसता धूर. वरच्या फांद्या हिवायाभर जयल्या. सासू पुढं पुष्कय जगली. तिच्याच भरवशावर लेक वाढली, आता सिंदी गावाले नांदते. त्या छत्रीनं झाड खाल्लं, पण खाऊन राह्यली हे लपवलं नाई. मी तिचे उपकार मानतो.

वाचणाऱ्याले येवढंच मागणं हाय. तुमच्या झाडाच्या बुडात अशी कडक छत्री दिसली त पूजा खुशाल करजा, पण पह्यले आपल्या म्हाताऱ्या माणसाची बाज तिथून हालवजा. शिव्या खा लागल्या त खाजा.