गळका तांब्या आणि साहेबांची बग्गी

खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण वडिलांच्या कोरड्या धोतरासाठी दिवसातून आठ वेळा खोटे बोलणारा सत्यवादी एकच पाहिला: दीक्षितपुऱ्यातले आमचे शेजारी मास्तर. शाळेत एका थापेसाठी पोरांना बाकावर उभे करणारे हे गृहस्थ घरी आले, की दारातून ओरडत, "बाबा, साहेबांची बग्गी आली!"

त्याचे असे होते. बाबा सिव्हिल लाइन्सच्या कोर्टकचेरीत तीस वर्षे पेशकार, म्हणजे साहेबांपुढे खटल्यांचे कागद ठेवणारे कारकून होते. साहेब इजलासावर, न्यायाच्या खुर्चीत, बसले की पेशकाराला दुपारपर्यंत उठता येत नसे. म्हणून बग्गी वाजली की बाबा आधी मोरी गाठत. म्हातारपणी मुलाचे नाव विसरले, जेवण विसरले, लघवीचा ताबाही गेला. "बाबा, जाऊन या," म्हटले तर भडकत, "मी काय लेकरू आहे?" पण बग्गी म्हटले की पगडी सावरत निघत. मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, तीच हाक मारून पाहिली, तर म्हणाले, "कचेरीत बाई काहून आली?" मग मास्तरच मधल्या सुट्टीत धावत घरी येत. त्यांच्या कोटाच्या एका खिशात खडू असे, दुसऱ्यात कोरडे धोतर. आणि एवढे करूनही अंथरूण भिजलेच, तर त्यासाठी घरात एक गळका तांब्या मुद्दाम पाळला होता. बाबांच्या देखत मास्तर त्याच्यावर डोळे वटारत, "हा मेला पुन्हा गळला! आजच तांबटाकडे नेतो!" तांबटाने तो तांब्या कधीच पाहिला नाही.

एकदा शाळेत तपासणी होती. मास्तर मला म्हणाले, "भैया, दुपारी बग्गी तू आण."

मी तेव्हा कोर्टांवर बहिष्कार घालण्याची पत्रके लिहीत असे आणि स्वतःच भिंतींवर चिकटवत असे. "या तोंडाने इंग्रज साहेबाची वर्दी देऊ? मरून जाईन!"

"मरू नको, नुसता ओरड. आमचे थोरले दादा आज नागपूरहून येऊन राहिले. अंथरूण ओलं दिसलं, की ते बाबांची खाट गोठ्यात टाकायला लावतील. अन् एकदा खाट बाहेर गेली, की माणूस आत येत नाही रे."

दुपारी मी तत्त्व सांभाळून ओरडलो, "बाबा, स्वराज्य आले!"

"त्याला पुढची तारीख द्या," बाबा म्हणाले आणि खाटेवर बसूनच राहिले.

थोड्या वेळाने ते चुळबुळू लागले. धोतराचा सोगा मुठीत धरून, माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "तांब्या गळून राहिला वाटते."

मला राहवले नाही. सारी गल्ली ऐकेल अशा आवाजात मी ओरडलो, "साहेबांची बग्गी आली!" बाबा ताडकन उठले. समोरच्या ओट्यावरून कोणीतरी विचारलेच, "काय हो देशभक्त, साहेब तुमच्याकडेच उतरून राहिले का?" उतरू देत. दादा आले तेव्हा अंथरूण कोरडे होते. खाट आतच राहिली, आणि आठवड्यातून दोनदा बग्गी आणणे माझ्याकडे आले.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मास्तरांनी तीनदा बग्गी आणली, पण बाबा उठले नाहीत. श्वास तेवढा चालू होता. मास्तर खाटेशी बसले, पगडी त्यांच्या उशाशी ठेवली आणि कानाशी वाकून म्हणाले, "साहेब रजेवर गेले, बाबा. आता घाई नाही."

साहेबाने चालते व्हावे म्हणून मी ढीगभर पत्रके लिहिली. त्या सकाळी मात्र वाटले, हा एक साहेब आणखी थोडे दिवस राहायला हवा होता.