चाळीस पावलांवरचे छर्रे

निवृत्तीनंतर मी पुण्यात आलो आणि एका सिक्युरिटी एजन्सीत ट्रेनिंग सुपरवायझर झालो. पलटणीत सव्वीस वर्षं झाली होती, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. शेवटची आठ वर्षं वेपन ट्रेनिंगच्या कामावर होतो. एजन्सीचं ऑफिस वाघोलीला. हाताखाली एकतीस गार्ड, त्यांतले नऊ हत्यारी. मी त्याला नोकरी म्हणत नसे. पोस्टिंगच म्हणत असे.

नऊ जणांत नाईक सुरेंद्र मेश्राम माझ्याच कंपनीतला होता. भंडारा जिल्ह्यातला, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. ईशान्य भारतात तो आमच्या गस्तीच्या तुकडीचा स्काउट होता. सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि हातात बारा बोअरची पंप गन असायची. तिथल्या बांबूच्या जंगलात समोरचा माणूस दिसायचा तोच दहा-पंधरा पावलांवर. तेवढ्या अंतरात छर्रे फाकायला वेळच मिळत नाही. त्यामुळे बंदूक लांबवर कशी मारते हा प्रश्न आम्हाला तेव्हा कधी पडला नाही.

तो प्रश्न पुण्यात पडला. मार्केट यार्डात एका मसाला व्यापाऱ्याच्या गोदामावर आमचा पहारा होता. गार्ड, म्हणजे मेश्राम, गेटवर उभा राहायचा. माल आणि रोकड प्लॅटफॉर्मवरून गाडीत चढायची. गेट ते प्लॅटफॉर्म चाळीस पावलं. एजन्सीचे मॅनेजर मला म्हणाले, "सुभेदारसाहेब, गार्डने गेट सोडायचं नाही आणि प्लॅटफॉर्मही कव्हर झाला पाहिजे. बसवा काहीतरी."

वाघोलीच्या पुढे जुन्या दगडखाणीत परवाना असलेली एक खासगी रेंज आहे. एका रविवारी सकाळी आठ वाजता मी मेश्रामला त्याची दुनळी घेऊन बोलावलं. चाळीस पावलांवर कागद लावला, त्यावर तीस इंचांचं वर्तुळ काढलं. काडतूस एस.जी., आत नऊ मोठे छर्रे.

उजव्या नळीतून सहा छर्रे वर्तुळात आले. डाव्या नळीचं तोंड जास्त आवळलेलं होतं. तिच्यातून चारच आले.

मेश्रामने कागदाजवळ जाऊन बोटाने भोकं मोजली. "साहेब, आवळलेली नळी जास्त फाकवते?"

"बारीक छर्रा असता तर या नळीने जवळ ठेवला असता. हा मोठा आणि मऊ शिशाचा आहे. अरुंद तोंडातून दाबून निघतो, चेपतो, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही."

मग मी दुसऱ्या बनावटीचं काडतूस दिलं. त्यातले छर्रे कडक, वरून मुलामा दिलेले, मधल्या फटींत भुकटी भरलेली, म्हणजे एकमेकांवर आपटून चेपायचे नाहीत. उजव्या नळीतून एकच फायर केला. आठ आत.

मी कागदावर सही केली. मॅनेजरना लिहून दिलं की, गेटवरून प्लॅटफॉर्म कव्हर होतो. मेश्रामला ती चांगली काडतुसं दहा इश्यू केली. त्याने कागदाकडे आणखी एकदा पाहिलं आणि म्हणाला, "एकच फायर केला, साहेब."

"आठ आत आहेत ना?"

"आहेत."

विषय संपला असं मी धरलं.

पाच आठवड्यांनी, सोमवारी सकाळी नऊ वाजता, अचानक इन्स्पेक्शन घेतलं. मेश्रामच्या पट्ट्यात जुनी काडतुसं होती. नवी फक्त दोन, बंदुकीत.

"बाकीची आठ कुठं आहेत?"

"खर्च झाली, साहेब."

"कशावर?"

"थोडं काम बाकी आहे. झालं की सांगतो."

काडतूस उडालं की त्याचं रिकामं खोकं, म्हणजे पुंगळी, उरतं. ती खोकी मी मागितली. घरी आहेत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मला काही दिसेना. बाजारात चोरून काडतुसं घेणारे लोक आहेत, हे मला माहीत होतं. मी त्याला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली आणि त्याच दिवशी मॅनेजरना रिपोर्ट दिला : नाईक मेश्राम यांच्याकडील आठ काडतुसं गहाळ, समाधानकारक उत्तर नाही. बावीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाबद्दल हे दोन ओळींत लिहिलं. हात अडखळला नाही.

त्या आठवड्यात मी त्याच्यावर नजर ठेवली. दोनदा न सांगता मार्केट यार्डात गेलो. एकदा तो गेटपासून प्लॅटफॉर्मकडे चालत जात होता आणि मध्येच थांबून मागे वळून पाहत होता. गेट सोडल्याबद्दल मी बोललो. तो "येस, साहेब" म्हणाला आणि परत जागेवर गेला. मला ते आणखी संशयास्पद वाटलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजून आठ मिनिटांनी प्लॅटफॉर्मजवळ एक मोटरसायकल आली. तिच्यावर दोघे होते. एकाने गावठी कट्टा काढून गाडीच्या ड्रायव्हरच्या मानेला लावला, दुसऱ्याने बॅग ओढली. गाडीच्या मागे सात-आठ हमाल मिरचीची पोती उतरवत होते.

मी ऑफिसात वायरलेसच्या कंट्रोल सेटजवळ उभा होतो. ऑपरेटर नवीन होता, म्हणून माईक मी घेतला. मेश्रामचा आवाज आला.

"मार्केट यार्ड टू कंट्रोल. दोन माणसं. एक कट्टा."

"मार्केट यार्ड, फायर करा. ओव्हर."

"चाळीस. नाही. पंचवीस."

"मार्केट यार्ड, पुन्हा सांगा."

उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने सेटवर आरडाओरडा ऐकू आला. चार वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी त्याचा सेट उचलून म्हणालं, "तुमचा माणूस पडलाय."

तो बंदूक खांद्याला लावून गेटपासून प्लॅटफॉर्मकडे धावला होता. दहा-बारा पावलं गेला असेल. कट्टेवाल्याने त्याच्यावर गोळी झाडली. ती छातीत लागली. ते दोघे बॅग तिथेच टाकून पळाले. ड्रायव्हर वाचला, हमालांपैकी कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मेश्राम हॉस्पिटलच्या वाटेवरच वारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता पोलीस इन्स्पेक्टरांनी मला बोलावलं. टेबलावर माझा रिपोर्ट होता.

"चाळीस पावलांवर चोर, हातात भरलेली बंदूक, ऑर्डर फायरची. आणि फायर एकही नाही. तुमच्याच सहीने गेटवरून मारा होतो. मग हा पुढे कशाला गेला? भेटायला?"

त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं.

"आठ काडतुसं गायब, हेही तुम्हीच लिहिलंय. आणि हे सेटवर काय बोलला? चाळीस, नाही, पंचवीस. कुणाला इशारा होता?"

मी माहीत नाही म्हणालो. खरं सांगायचं तर रात्रभर माझ्याही मनात तेच चाललं होतं. तो त्यांना सामील असेल, ऐन वेळी काही बिनसलं असेल. संध्याकाळपर्यंत ही कुजबुज वाघोलीत त्याच्या गल्लीपर्यंत पोचली.

रविवारी दहा वाजता मी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पलटणीतला त्याचा फोटो. भेटायला आलेलं कोणी नव्हतं. शेजारची दारं बंद होती. त्याची बायको सुनीताताई "जय भीम, साहेब" म्हणाली आणि पाणी आणून ठेवलं.

मी विचारलं, "गेल्या महिन्याभरात तो कुठं जात होता का?"

"दर रविवारी जायचे. बंदूक, पिशवी घेऊन. विचारलं तर म्हणत, काम आहे. मले वाटे का प्यायले जातात. पण वास कधी आला नाही." ती उठली आणि कपाटामागून कागदांची गुंडाळी काढली. "हे कोणाले दाखवू नको म्हणत होते. पूर्ण झालं का साहेबाले देईन म्हणे."

आठ कागद होते. प्रत्येकावर तीस इंचांचं वर्तुळ, खाली पेन्सिलीने अंतर आणि आकडा. सोबतच्या पिशवीत आठ रिकामी खोकी.

चाळीस पावलांचे चार कागद होते. पहिल्यावर आठ आत. दुसऱ्यावर पाच. तिसऱ्यावर सात. चौथ्यावर चार. तीच बंदूक, तीच नळी, तेच चांगलं काडतूस. तीस पावलांवर दोन कागद, सात आणि आठ. पंचवीस पावलांवर दोन, दोन्हींवर नऊच्या नऊ. त्या शेवटच्या कागदाखाली त्याने लिहिलं होतं : "पंचवीसला सगळे आत. मागे माणसं असतील तर पंचवीसच. साहेबांना कसं सांगू."

मी ते तिथेच बसून दोनदा वाचलं. छर्रे किती फाकतात, त्या पॅटर्नचा निकाल एका फायरवरून देऊ नये, हे मी पलटणीत दीडशे जवानांना शिकवलं होतं. पुण्यात मॅनेजरना घाई होती, मलाही होती. मेश्रामचा माझ्या सहीवर विश्वास बसला नव्हता. सुभेदाराला चूक म्हणण्याआधी त्याला पुरावा हवा होता. तो चालत जाऊन मध्येच थांबायचा, ती पंचवीस पावलांची खूण तो शोधत होता.

"काय आहे साहेब त्यात?" सुनीताताईंनी विचारलं.

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "त्याची नाही."

रेंजवर जाऊन रजिस्टर पाहिलं. चार रविवार, प्रत्येक वेळी त्याची सही, दोन-दोन फायर. दुपारी एक वाजता इन्स्पेक्टरांच्या टेबलावर मी चाळीस पावलांचा चौथा कागद उलगडला.

त्यांनी वर्तुळाबाहेरची भोकं मोजली. "पाच. हे छर्रे कुठं गेले असते?"

"एक ड्रायव्हरला, सर. बाकीचे मागच्या हमालांत."

त्यांनी पंचनाम्याची फाईल उघडली. "बंदुकीची सेफ्टी पुढे, म्हणजे उघडी होती," ते म्हणाले. "फायरला तयार होता. आमच्या पंचनाम्यात आहे. कुणी त्याचा अर्थ लावला नाही." मग त्यांनी हवालदाराला हाक मारली. "यांचा जबाब घ्या. आधीच्या रिपोर्टबद्दल काय म्हणायचंय तेही घ्या."

मी जबाबात सगळं लिहिलं. एक फायर, माझी सही, माझा संशय. पुढे ते दोघे पकडले गेले. मेश्राम त्यांच्या ओळखीचा नव्हता, हे त्यांच्याच तोंडून आलं. एजन्सीने मला काढलं नाही. मीच राजीनामा दिला. जाण्याआधी नऊ हत्यारी गार्डांच्या बंदुका पुन्हा तपासल्या, एकेका बंदुकीचे सहा-सहा फायर. ज्याच्या बंदुकीचे सगळे छर्रे जितक्या पावलांवर आत आले, तेवढंच अंतर त्याला लिहून दिलं. गार्डला गरज पडली तर गेट सोडून पुढे जाता येईल, हा हुकूम मॅनेजरकडून लेखी घेतला.

यंदा पलटणीच्या स्थापना दिनाला पुण्यातले आम्ही जुने लोक कॅम्पात जमलो होतो. सकाळी दहा वाजता सुभेदार मेजरसाहेबांनी शहिदांची नावं वाचली. यादी संपली, सगळे सावधान उभे होते. मला बोलायची परवानगी नव्हती. मी एक पाऊल पुढे आलो आणि म्हणालो, "नाईक सुरेंद्र मेश्राम. बी कंपनी."

मौन झालं, त्यात तोही आला.

नंतर कर्नलसाहेब माझ्याजवळ आले. "हे नाव माझ्याकडे नाही. कुठल्या ऑपरेशनमध्ये गेले?"

"मार्केट यार्ड, पुणे, सर. दुपारी चार वाजून दहा मिनिटं."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि मला नाव पुन्हा, सावकाश सांगायला सांगितलं.