भावोजी आणि बोटभर हेकरू

रविवार, ११ जानेवारी. स्थळ डोंबिवली, रिकामं होत आलेलं घर. हजर: माझ्या थोरल्या नणंद, त्यांचे यजमान म्हणजे आमचे भावोजी, मी आणि एक मासा. मासा मी यादीत घातला नव्हता. "चौथा लिहा, वहिनी," भावोजी म्हणाले, आणि लिहीपर्यंत माझ्या वहीपाशी उभे राहिले.

कल्याणपासून ठाण्यापर्यंत, मोजल्याशिवाय कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस एकच, आणि तो आमच्या वन्संच्या वाट्याला आला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर खिशातच राहिला. चपलेची झीज, पोळीची जाडी, जावयाच्या मिशा, सगळ्यांची मापं त्यांच्या वहीत आहेत. बाजारात पापलेटाला व्हर्नियर लावला तेव्हा कोळीण म्हणाली, "काका, मासा घेताय का त्याला सदरा शिवताय?" भावोजींनी आधी आकडा लिहिला, मग हसले.

हा मासा चार वर्षांपूर्वी गावाहून आला. देवगडजवळ ओहोटीला खडकातल्या डबक्यात सापडला, आणि समुद्राच्या पाण्याच्या कॅनमध्ये घालून, कॅन मांडीवर धरून, भावोजींनी त्याला डोंबिवलीच्या टाकीत आणलं. हातभर वाढणाऱ्या हेकरूच्या गोतातला, पण हा जेमतेम बोटभर. गावात त्याला कोणी नावही दिलेलं नाही. जाळ्यात आला तर फेकून देतात. पोहण्याची त्याला हौस नाही. पोटाखालचे दोन पर कोपरासारखे टेकून तो तळाला शिंपल्याआड बसतो आणि नुसते डोळे फिरवतो, एक इकडे, एक तिकडे. कोळंबीचं पिल्लू जवळून गेलं की ते दिसेनासं होतं आणि हा पुन्हा होता तसा. भावोजी म्हणतात, "बँकेत एक शांत गृहस्थ बसलेला असतो बघा. खिडकी उघडली की पहिला तोच."

या गोतातल्या काही बारक्या जातींत प्रत्येक मासा एकाच वेळी नरही असतो आणि मादीही, असं त्यांनी कुठेसं वाचलं. जोडीतले दोघं आळीपाळीने अंडी घालतात. एकाची झाली की दुसऱ्याची पाळी. आपला त्यातलाच का, हे त्यांना बघायचं होतं. पण एकट्या माशावरून कळणार कसं? "जोडी लागते," असं म्हणून ते टाकीसमोर बसून राहत.

जेवताना हे सगळं सांगून झाल्यावर वन्सं म्हणाल्या, "अडतीस वर्षं स्वयंपाकाची पाळी माझीच आहे. ती नाही हो कधी मोजलीत." भावोजींनी वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून ते एक दिवसाआड ओट्याशी उभे राहू लागले. त्यांची भाकरी अजून कडक होते, पण सगळीकडून सारख्याच जाडीची.

इमारत पाडून नवी बांधायची ठरली तेव्हा भाड्याचं घर बघितलं. घरमालक शाकाहारी. फॉर्मवर 'राहणाऱ्यांची संख्या' असा रकाना होता. दुसऱ्या कोणीही दोन लिहिलं असतं. भावोजींनी तीन लिहिलं आणि कंसात 'मासा'.

"मासे नाही चालणार, काका."

"खायचा नाही. बघायचा आहे."

"मासा तो मासाच ना."

जिना उतरताना मी म्हटलं, "भावोजी, विचारलं कोणी होतं?"

"रकाना होता ना, वहिनी. चुकीच्या आकड्याखाली सही कशी करू?"

मग ठरलं की ज्या डबक्यातून आणला तिथेच त्याला सोडायचं. तिथे जोडीही मिळेल. मी लगेच गाडी, कॅन, हवेचा पंप अशी यादी केली. तेवढ्यात वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परवाच्या रविवारी त्या स्टुलावर पाय ठेवून बसल्या होत्या. "तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. "तो बिचारा कुठे थांबणार?"

भावोजी भांडी कागदात गुंडाळत होते. "आणताना कॅन माझ्या मांडीवर होता," ते म्हणाले. "नेताना तुझी पाळी."

वन्सं पदराने टाकीची काच पुसत राहिल्या.

तोवर मासा टाकीसकट घोडबंदर रोडला माझ्या घरी ओट्यावर असतो. भावोजींनी जाताना व्हर्नियर माझ्या हातात दिला. काचेवरून माप घ्यायचं आहे. सकाळी त्यांचा फोन येतो.

"काय करतोय?"

"बसलाय."

"आणि डोळे?"

"एक माझ्याकडे, एक दाराकडे."

मग मी विचारते, वन्संचा गुडघा आज किती वाकला. ते अंशांत सांगतात.

यादीतल्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या आहेत. शेवटची तेवढी राहिली आहे: मासा सोडणे.