सोनेरी चौकटीतली कोल्हीण

लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेण्याचं काम मी करते. ते फोन ज्यांच्याकडे पाठवते त्या मेकॅनिकांमध्ये सगळ्यांत जुने काका. वय चोपन्न. खिशात वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, आणि तोंडात शब्द मोजून दहा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आतली माणसं ओरडायला लागली की काका बाहेरून एवढंच म्हणतात, "मी आलोय." तेवढ्याने आतली माणसं का कोण जाणे, गप्प होतात.

लिफ्टमध्ये एक पत्रा लावलेला असतो, किती माणसं, किती किलो. त्या पत्र्यावर काकांचा भारी विश्वास. लिहिलंय म्हणजे तेवढं उचलणार, जास्त नाही, कमी नाही. माझ्या मते त्यांचा पुढे जो गोंधळ उडाला तो या विश्वासामुळेच.

मागच्या वर्षी काकूंच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. काकू दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसतात. एके दिवशी रजिस्टर बघताना त्यांना पानाच्या कडेने काळी सावली चढताना दिसली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टरांनी डोळ्यात गॅस भरला आणि बजावलं की आठ दिवस पालथं पडून राहायचं. जेवताना, बाथरूमला जातानासुद्धा मान खाली. फोन, टीव्ही, पुस्तक, सगळं बंद. काकांनी तीस वर्षांत पहिल्यांदा सलग आठ दिवसांची सुट्टी टाकली. दोन टॉवेल गुंडाळून त्यांची चुंबळ केली, ती गादीच्या टोकाला ठेवली आणि काकूंचं कपाळ तिच्यावर टेकवलं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी पावणेसातला काकू खाली बघूनच म्हणाल्या, "अहो, माझा फोन घ्या. सात वाजता एक काम करायचंय."

"कुणाला लावू?"

"लावायचा नाहीये. एक गेम आहे त्यात. निळ्या किल्ल्याचं चित्र दिसेल, ते दाबा."

काकांना वाटलं, भूल अजून उतरली नाही. पण चित्र होतं. दाबलं तर बासरीसारखं संगीत वाजलं आणि पडद्यावर मोठ्या डोळ्यांची, रंगीत केसांची माणसं नाचायला लागली. जपानी कार्टूनात असतात तशी. वर लिहिलं होतं, 'स्वागत आहे, खडूस.'

"हे कुणाला म्हणतंय?"

"मला. माझं नाव आहे ते."

काकांनी फोन उलटा करून बघितला. फोन काकूंचाच होता.

मग हळूहळू कळलं ते असं. दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधल्या वेळात काकू तीन वर्षांपासून हा खेळ खेळत होत्या. त्यांचा वीस जणांचा गट होता. एकमेकांना कधी न बघितलेली ही वीस माणसं एका तटबंदीवरचे वीस बुरूज सांभाळत. सध्या सात दिवसांची मोठी स्पर्धा लागली होती. रोज संध्याकाळी सातला प्रत्येकाने आपापला बुरूज लढवायचा आणि सगळ्यांचे गुण एकत्र धरायचे. एकाने दांडी मारली की गट खाली घसरतो.

"आठ दिवस मी नाही म्हणून सांगता आलं असतं की," काका म्हणाले.

"तुम्ही सांगाल का, लिफ्ट आठ दिवस बंद म्हणून?"

काकांनी घड्याळाकडे बघितलं. सात वाजले होते.

खेळ तसा सोपा दिसत होता. एक वळणाची वाट, एका टोकाला भुताखेतांसारखे शत्रू, दुसऱ्या टोकाला आपला दरवाजा. वाटेच्या कडेला आपली पात्रं उभी करायची. ती आपोआप मारतात. शत्रू दरवाजाला पोचला की आपले गुण जातात. खाली सगळ्या पात्रांची रांग होती आणि प्रत्येकाला चौकट. राखाडी म्हणजे साधं, निळी म्हणजे दुर्मीळ, जांभळी म्हणजे अतिदुर्मीळ, सोनेरी म्हणजे लाखात एक. काकांचा जीव भांड्यात पडला. पत्रा लावलेलाच होता. त्यांनी सहाच्या सहा सोनेरी निवडले.

दोन मिनिटांत दरवाजा पडला.

"काय झालं?" काकूंनी उशीला विचारावं तसं विचारलं.

"माहीत नाही. माझी माणसं उभीच राहिली नाहीत."

"कोण कोण घेतली होती?"

नावं काकांना वाचता येत नव्हती. इतकी लांबलचक की अर्धी चौकटीबाहेर गेलेली. म्हणून त्यांनी वर्णनं सांगितली. पांढऱ्या केसांचा तलवारवाला, नऊ शेपट्यांची कोल्हीण, डोक्यावर शिंगं असलेला... काकूंनी मध्येच एक मोठा सुस्कारा सोडला.

"अहो, सोनेरी उभं करायला ऊर्जा किती लागते! ती साठेपर्यंत शत्रू आत येऊन जेवून जातील. आधी तो राखाडी घंटावाला लावा. तो घंटा वाजवतो, त्याने ऊर्जा येते."

"तो तर सगळ्यांत फालतू आहे."

"फालतू कोण म्हणालं? साधा म्हणजे सहज मिळतो, एवढंच. सोनेरी म्हणजे मिळायला कठीण."

"मग कामाला चांगला कोण, ते कुठे लिहिलंय?"

"ते आत, बारीक अक्षरात. प्रत्येकाच्या चित्रावर बोट दाबून धरा."

काकांनी चष्मा चढवला. तलवारवाल्याखाली लिहिलं होतं, 'जमिनीवरील एका शत्रूस प्रचंड इजा.' म्हणजे वरून उडत जाणारे त्याला दिसतच नाहीत. शिंगवाला शत्रूंना गोठवत होता, पण गोठलेल्या शत्रूंवर दुसऱ्या सोनेरीचा जाळ चालत नव्हता. एक निळी छत्रीवाली मुलगी शत्रूंची चाल मंद करत होती, मारत कुणालाच नव्हती. काकांच्या शब्दांत सांगायचं तर, "एकाचं खरं धरावं तर दुसरा खोटा पडत होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली. रकाने पाडले. जमीन, हवा, मंद करणे, ऊर्जा. एकशे बारा पात्रं होती. दुपारभर ते काकूंच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून बोट दाबून धरत होते आणि वहीत लिहीत होते. मध्येच विचारायचे, "ही 'साथीदारांच्या मनोबलात वाढ' म्हणजे किती किलो?" काकू हसल्या की पलंग हलायचा आणि मग त्यांना डॉक्टरांची आठवण करून द्यावी लागायची.

तिसऱ्या दिवशी बुरूज टिकला. काकू सांगत होत्या, काका लावत होते. घंटावाला, वळणावर दोन छत्रीवाल्या, आणि शेवटी ऊर्जा साठली की कोल्हीण. कोल्हिणीचं काम खरोखर बघण्यासारखं होतं. जमीन असो, हवा असो, ती नऊ शेपट्या पसरायची आणि अर्धी वाट साफ. काकूंना ती दोन वर्षं वाट बघून मिळाली होती, आणि मिळाली त्या दिवशी त्यांनी दवाखान्यात सगळ्यांना पेढे न वाटता फक्त मनात वाटले होते.

चौथ्या दिवशी सकाळी मला काकांचा फोन आला. सुट्टीवरचा माणूस, मी दचकलेच.

"काकू बऱ्या आहेत ना?"

"हो. मला विचारायचं होतं, कंपनीकडे तक्रार केली तर किती वेळात उत्तर देतात?"

"आपल्या कंपनीकडे?"

"नाही. कोल्हीण हरवल्याची तक्रार आहे."

झालं होतं असं. काकू झोपल्या असताना काका वही पुरी करायला बसले. पडद्यावर लाल ठिपका आला. 'गोदाम भरले आहे. जादा पात्रे विलीन करा.' काकांना भरलेल्या वस्तूची भीती. भार जास्त झाला की दार लागत नाही हे त्यांना चांगलं माहीत. त्यांनी घंटावाल्याला निवडलं, कारण तो रोज कामाला येत होता. त्याच्यात मिसळायचं पात्र खालच्या रांगेतून आपोआप निवडलं गेलं. 'तुम्हाला खात्री आहे का?' आलं. त्या खेळात हे दर दोन मिनिटांनी विचारतात, म्हणून त्यांनी नेहमीसारखं 'होय' दाबलं. फटाके उडाले. 'अभिनंदन!' आणि रांगेत एक सोनेरी चौकट कमी झाली. कोल्हीण घंटावाल्यात विरघळली होती.

"निदान घंटावाला तरी भारी झाला असेल," मी म्हटलं.

"तेच तर कळत नाही. त्याची पोच वाढली. आता तो अख्ख्या वाटेवर पोचतो. पण तो मारत नाही कुणाला. मग पोचून काय करतो?"

खेळाच्या कंपनीकडून उत्तर आलं की आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. बस. मग काकांनी धीर करून गटात लिहिलं, 'मी खडूस यांचा नवरा. कोल्हीण विलीन झाली आहे. परत कशी काढावी?'

तिकडे कोल्हीण राहिली बाजूला. 'खडूसला नवरा आहे?' म्हणून धुमाकूळ. गुडघेदुखी नावाच्या एकाने लिहिलं की आपण खडूसला विशीतला पोरगा समजत होतो, ती आपल्याला रोज झापते. भूकंप नावाचा गटप्रमुख म्हणाला की खडूसने शिकवलं नसतं तर आपल्याला छत्रीवाली कुठे लावायची हे जन्मात कळलं नसतं. काकांनी ते सगळं दोनदा वाचलं. त्यांच्या बायकोला अठरा अनोळखी माणसं घाबरत होती आणि एकोणिसावा तिचा उपकार मानत होता. घरात ती साधा गॅस कोणी बंद करायचा यावर भांडायची. कोल्हीण परत येत नाही, हेही गटातल्यांनी शेवटी सांगितलं.

चौथा, पाचवा आणि सहावा दिवस काकांनी कसेबसे काढले. काकूंनी "आता कोल्हीण" म्हटलं की ते "हं" म्हणायचे आणि वहीत बघून जांभळा धनुर्धर लावायचे. गुण कमी पडत होते. काकूंना दिसत नव्हतं. काका सांगत नव्हते.

सातव्या दिवशी शेवटचा शत्रू आला. पंख असलेला, अख्ख्या पडद्याएवढा.

"कोल्हीण," काकू म्हणाल्या.

काकांनी वहीचं पान उलटलं.

"अहो, कोल्हीण लावा, वळण ओलांडेल तो!"

"ती नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"घंटावाल्यात गेली. चौथ्या दिवशी. माझ्याच हातून."

काकूंचा चेहरा चुंबळीत होता. काकांना दिसत होती फक्त त्यांची पाठ. ती पाठ आधी एकदम ताठ झाली, आणि मग खांदे हलायला लागले. हसतायत का रडतायत, हे काकांना कळेना. खाली वाकून बघावं तर फोन हातात, आणि फोनमध्ये तो राक्षस वळण ओलांडत होता.

"मग आहे कोण तुमच्याकडे?" तिकडून चिरका आवाज आला.

काकांनी वही वाचायला सुरुवात केली. हवा या रकान्यात सात जण. काकू म्हणाल्या, तीन धनुर्धर पाठोपाठ लावा, दरवाजाला खेटून. काकांनी लावले. छत्र्या उचला आणि मागे आणा. आणल्या. राक्षसाचा जीव एका केसाएवढा उरला आणि दरवाजा पडला.

गट तिसऱ्यावरून अकराव्या क्रमांकावर गेला. एक जण रागावून गट सोडून गेला. काकू त्या संध्याकाळी काकांशी अवाक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मान वर करायला सांगितली, तेव्हा पहिलं वाक्य आलं, "दाढी केली नाही का आठ दिवस?"

डोळा बराच सुधारला, फक्त सरळ रेघा अजून किंचित वाकड्या दिसतात. कोल्हीण पुन्हा मिळाली नाही. काकांनी एकदा विचारलंही, "त्या दिवशी हसत होतीस का रडत होतीस?" काकू म्हणाल्या, "कधी?" त्या भाजी निवडत होत्या आणि खरंच विसरल्यासारख्या दिसल्या.

परवा डबा खाताना काकांनी मला नवीनच सांगितलं. आदल्या दिवशी ते घरी पोचून बूट काढत होते तोवर काकूंनी हाक मारली. गोदामात एकच जागा उरली होती आणि दोन पात्रं आली होती. एक सोनेरी, सिंहावर बसलेला. एक निळी, हातात कंदील घेतलेली.

"कुठलं ठेवू?"

काकांनी दोघांवर बोट दाबून धरलं, बारीक अक्षरं वाचली, वही आणून रकाने बघितले आणि कंदीलवालीकडे बोट दाखवलं. लपलेले शत्रू दाखवणारं आपल्याकडे दुसरं कुणी नाही, हे कारणही सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि सिंहवाला ठेवला.

"का?" मी विचारलं.

"म्हणाली, दिसायला छान आहे." काकांनी डब्याचं झाकण लावलं, मग पुन्हा उघडून बघितलं, आत काहीच उरलेलं नव्हतं. "मग मला विचारलं कशाला, तेवढं सांग."

तेवढ्यात फोन वाजला, कुठेतरी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये तिघं अडकली होती, आणि काका वही खिशात घालून निघाले.