मागे सरकणारे सर

सबनीस सर आज पहाटे गेले, आणि मला अजून त्यांचा राग येतोय.

ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी पडतायत. 'देवमाणूस.' 'भावपूर्ण श्रद्धांजली.'
माझं भावपूर्ण आहे हो. श्रद्धेचं काय ते ठरत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टँकरखाली माझा उजवा पाय गेला, गुडघ्याखालून. तेव्हा ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका ट्रस्टचं छोटंसं सेंटर होतं. एका खोलीत प्लास्टरच्या धुळीने पांढरं झालेलं वर्कशॉप, दुसऱ्या खोलीत धरून चालायचे बार. सर तिथे पाय बनवायचे, आणि त्या पायावर चालायलाही तेच शिकवायचे.

त्यांची एक खोड होती.

बारच्या टोकाला उभं राहायचं, हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "या, इथपर्यंत."
आपण घामाघूम होऊन पोचणार, हात धरणार, तेवढ्यात हा माणूस एक पाऊल मागे!
"या, इथपर्यंत."
परत मागे.

माझ्याबरोबर कोपरीच्या हिराबाय असायच्या. मिठागरावर आयुष्य काढलेली म्हातारी, शुगरने पाय गेलेला. त्या खोली दणाणून सोडायच्या, "ए सर, जागेव ऱ्हा! म्हातारीला फसवतंस कं?"
सर हसायचे. "फसवल्याशिवाय कोणी चालत नाही, हिराबाय."

असंच फसत फसत एक दिवस मी बार संपवून दारापर्यंत गेले. कळलंच नाही. रडू फुटलं, पाया पडायला वाकले, तर सर म्हणाले, "वाकू नका, आपटाल."

मी शाळेत परत गेले. डोंबिवलीत, पहिल्या मजल्यावर, माझ्या चौथीच्या वर्गात. फळ्यासमोर उभी राहून शिकवलं.
हे त्यांचंच देणं. ते मी कधीच नाकारणार नाही.

पण पाय एकदा बसवला की झालं, असं नसतं. आपला उरलेला पाय बारीक होत जातो, मग तो ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची वाटी सैल पडते. मोज्यावर मोजा चढवून काही दिवस ढकलता येतात. शेवटी नवी वाटी लागतेच, आणि ती बनवणाराही लागतो.

मी गेले तर सेंटरला कुलूप.

सरांना फोन केला. "शिफ्ट करतोय, ताई. डोंबिवलीलाच. तुम्हाला तर जवळ पडेल!"
मी येडी, स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

मग म्हणाले, "डोंबिवलीचं जमलं नाही, कल्याणला बघतोय."
मग म्हणाले, "थोडं थांबा, फायनलच आहे."

मी थांबले. त्यांनी सांगितलं म्हणून थांबले. मोज्यावर मोजे चढवले, जखमा झाल्या, त्या चिघळल्या. पाय काढून कपाटात ठेवला आणि कुबड्या घेतल्या. शाळेने मला खाली ऑफिसमध्ये बसवलं. "तुमच्याच सोयीसाठी, मॅडम." माझी चौथी दुसऱ्या बाईंना दिली.

मग टेंभी नाक्यावर बॅनर दिसला. 'मोफत कृत्रिम पाय वाटप'. मोठ्या मोठ्या चेहऱ्यांच्या खाली एका कोपऱ्यात सरांचा फोटो. 'मार्गदर्शक'.

वाटप! हाच माणूस एका देणगीदाराला तोंडावर म्हणालेला, "पाय म्हणजे काय साड्या आहेत का हो, वाटायला?"

हिराबायचं नाव वाटपाच्या यादीत होतं, म्हणून त्यांच्यासोबत मी पण गेले. मांडवात टेबलावर पाय मांडून ठेवलेले. लहान, मध्यम, मोठे. हिराबायना स्टेजवर चढवलं, शाल दिली, हातात पाय दिला, फोटो काढला. माप घेतलं नाही, चालवून तर नाहीच बघितलं.

मी खालून ओरडले, "सर, सेंटर कधी सुरू होतंय?"

त्यांनी मला बघितलं. चांगलं बघितलं.
आणि एक पाऊल मागे सरकले. हारतुरे घेऊन उभ्या असलेल्या लोकांच्या पाठी.

सरांचा वर्कशॉपमधला जुना सहकारी तिथे भेटला. तो म्हणाला, "ताई, ट्रस्टने ते कायमचंच बंद केलं. शिफ्टिंग वगैरे काही नव्हतं. सरांना पहिल्यापासून माहीत होतं."

हिराबायनी तो पाय घरी नेऊन माळ्यावर टाकला. मी विचारलं तर म्हणाल्या, "यो पाय माजा नाय गो. फोटूचा हाय."

सर, 'बंद झालं' एवढंच सांगायचं होतं. आम्ही रडलो असतो, तुम्हाला शिव्या घातल्या असत्या, पण दुसरीकडे कुठेतरी सोय बघितली असती. ट्रस्टने दगा दिला, ठीक आहे, ट्रस्टला मी ओळखत नव्हते. तुम्हाला ओळखत होते. चालवण्यासाठी फसवलंत ते गोड वाटलं. पण बसवून ठेवण्यासाठी का फसवलंत?

त्या दिवसानंतर मी फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

आज बातमी कळल्यावर जायचं नाही असंच ठरवलेलं. तरी रिक्षा केली. कल्याणला त्यांच्या बिल्डिंगच्या खाली, पार्किंगमध्ये ठेवलेलं. गर्दी होती. कुबड्या बघून लोक बाजूला झाले, तरी मी कडेलाच थांबले.

सरांच्या पत्नीने, काकूंनी, मला ओळखलं. डोळे पुसत म्हणाल्या, "या ना ताई. पुढे या."

गेले. वाकले नाही. हात तेवढा सरांच्या हातावर ठेवला. गार होता.

आज तुम्ही जागचे हलला नाहीत.

पोचले, सर.