एकोणीस बळेगार

बळेगार आडनावाच्या माणसांची आमच्या अप्पांनी जेवढी काळजी केली, तेवढी खुद्द ब्रह्मदेवानेही केली नसेल. एकोणीसशे साठच्या आसपास मी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात लागलो, तेव्हा अप्पा बळेगार आमच्या ड्रॉइंग विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्याच माडीवर भाड्याने राहत होतो. पहिल्या भेटीत त्यांनी माझे गाव विचारले नाही. आजोळी कोणी बळेगार आहे का, एवढेच विचारले. पृथ्वीच्या पाठीवर तेव्हा एकोणीस बळेगार हयात होते. हा आकडा अप्पांनी घाम गाळून मिळवलेला. सुटीच्या दिवशी ते स्टेशनवर जाऊन पुण्याच्या गाडीचे आरक्षणाचे तक्ते वाचत. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पोस्टमास्तरांना जोडकार्डे पाठवून 'आपल्या हद्दीत आमचे कोणी?' अशी चौकशी करत. एकदा सोलापुराहून 'एक आहेत' असे उत्तर आले आणि अप्पांनी भर ऑफिसात पेढे वाटले. तो त्यांचाच चुलतभाऊ निघाला, नुकताच बदलून तिकडे गेलेला.

आडनावाचा अर्थ त्यांनीच लावला होता. बळे म्हणजे बळाने. बळाने किल्ला घेणारा तो बळेगार. कोणता किल्ला, हे विचारायची सोय नव्हती. इतक्या वर्षांत कानडीतले 'स्वल्प' म्हणजे थोडे आणि 'सरी' म्हणजे बरे, हे दोनच शब्द त्यांना येत, आणि तेही एकाच्या जागी दुसरा. पण माणूस लाखातला. माझ्या चुकलेल्या ड्रॉइंगवर स्वतःची सही ठोकून त्यांनी साहेबांची बोलणी खाल्ली होती, आणि मला त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते.

घोडे अडले ते लेकीच्या लग्नापाशी. एकुलती एक मुलगी. ती सासरी गेली की एकोणिसाचे अठरा होणार, आणि अप्पांचे घर तिथेच संपणार. म्हणून पहिल्या नातवाला बळेगार नाव लावायचे, ही त्यांची अट. तीन स्थळे त्या अटीवरून परत गेली. चौथे तिच्या मनातले होते, आणि तेही जाऊ घातले होते.

तेव्हा एका रविवारी तिने अप्पांना आणि मला चिकपेटच्या बाजारात नेले. बांगड्यांच्या एका दुकानासमोर थांबून तिने वरची कानडी पाटी वाचून दाखवली. पाटीवर बळेगार लिहिले होते. अप्पा धावतच आत शिरले आणि म्हाताऱ्या दुकानदाराला त्यांनी कूळ विचारले. तो हसला.

"अण्णा, बळे अंद्रे बांगडी. बांगड्या भरतो तो बळेगार. आमच्याकडे गावोगाव आहेत."

हे सगळ्या बंगळूरला ठाऊक होते, त्यांच्या लेकीला तर शाळेपासून. त्यांचे मन मोडू नये म्हणून कोणी बोलले नव्हते. मला वाटले, किल्ला गेला, आता हे आडवे होणार. अप्पांनी हिरव्या बांगड्यांच्या ढिगातली एक उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "गावोगाव? म्हणजे आपण संपत नाही तर."

अट त्याच संध्याकाळी गेली. लग्नाआधी चुडा भरायला आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. म्हाताऱ्याने भरायला घेतले, तर अप्पांनी त्याला थांबवले. पहिली बांगडी आपण भरणार. घराण्याचेच काम आहे. रेघ मारताना कधी न चुकलेला तो हात इथे जोर लावून बसला. बांगडी मनगटाशी येऊन कटकन गेली.

"फुटली," अप्पा पुटपुटले. "हात विसरले गं."

लेकीने काचा पदरात गोळा केल्या. "फुटली म्हणू नये, अप्पा. वाढली म्हणावं."

अप्पांनी मान हलवली. तिने हात पुन्हा त्यांच्यापुढे धरला.