जावयाचं हरीण, सासऱ्याचं प्लॅनिंग

मी आयुष्यात एकाही हरणाला इजा केलेली नाही. मध्यंतरी हरणाच्या एका शिकारीचं संपूर्ण प्लॅनिंग मी केलं, त्यानंतरही हे विधान जसंच्या तसं खरं आहे.

(घाबरू नका. शिकार अमेरिकेत होती, पूर्ण कायदेशीर होती आणि करणार होता आमचा जावई. मी फक्त इंदिरानगरात डायनिंग टेबलापाशी बसून मार्गदर्शन करत होतो. राज्याचं नाव सांगत नाही. जावयाने तशी हात जोडून विनंती केली आहे.)

आमचा जावई निनाद स्वभावाने गरीब, बोलायला कमी. लग्नाला वर्ष होत आलं तरी आमचं संभाषण ‘नमस्कार बाबा, तब्येत?’ ‘उत्तम, तुमची?’ ‘उत्तम’ याच्या पुढे सरकलं नव्हतं. मग तो फोन आमच्या मुग्धाकडे द्यायचा आणि मी हिच्याकडे. मला याचं खरंच वाईट वाटायचं. एकुलती एक मुलगी, एकुलता एक जावई, आणि माझ्याकडे सल्ल्यांचा एवढा साठा पडून! सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून तो मी पार्किंगच्या प्रश्नावर खर्च करत होतो, पण तिथे त्याची कदर नव्हती.

आणि एका रविवारी निनाद म्हणाला, “बाबा, तुमचा जरा सल्ला हवा होता.”

मी हिला खुणेने टीव्ही बंद करायला सांगितलं.

भानगड अशी होती. निनादचा बॉस दरवर्षी ऑफिसातल्या निवडक माणसांना घेऊन हरणाच्या शिकारीला जातो. जी माणसं त्याच्याबरोबर रानात जातात त्यांना तो ऑफिसातही ओळखतो, बाकीच्यांना नुसती मान हलवतो. या वर्षी त्याने निनादला विचारलं होतं. निनादने रीतसर ट्रेनिंग घेतलं, परवाना काढला. आता अर्ज भरायचा होता. राज्याचे झोन पाडलेले, प्रत्येक झोनचे वेगवेगळे हंगाम, आणि सोडतीत नंबर लागला तर मिळणार एक टॅग. टॅग म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी. एका माणसाला वर्षाला एकच टॅग, तोही ठरलेल्या झोनमध्ये आणि ठरलेल्या हंगामातच चालणार.

“तुम्ही एकलहऱ्याला पॉवर स्टेशनमध्ये प्लॅनिंगलाच होतात ना?” निनाद म्हणाला. “मला सध्या डोकं वर काढायला वेळ नाही. लॉगिन पाठवतो, वेबसाइट जरा बघून ठेवाल? पुढच्या रविवारी बसून आपण अर्ज भरू.”

(‘बाबांना जरा बरं वाटेल, काहीतरी विचार त्यांना’ असं मुग्धाने त्याला सांगितलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या रविवारी मात्र मी हवेत होतो.)

दुसऱ्याच दिवशी नांदगावहून माझा चुलतभाऊ बापू आला. बापूच्या मक्यात हरणांचे कळप येतात, म्हणजे घरबसल्या तज्ज्ञ मिळाला. मी त्याला लॅपटॉपसमोर बसवलं आणि म्हणालो, “बापू, हरणाची शिकार करायची आहे.”

बापूने उठून आधी दार लावलं, मग खिडकी.

“हळू बोल, दिनू. फॉरेष्टवाले लय कडक हायेत. हरीण हा शब्दच काढू नको.”

“अरे, अमेरिकेतलं हरीण आहे.”

“हरीण ते हरीण. ‘त्ये’ म्हन.”

त्यामुळे पुढचं सगळं प्लॅनिंग आम्ही ‘त्ये’ म्हणूनच केलं. हिला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचं चाललंय.

प्रथम झोन. वेबसाइटवर प्रत्येक झोनपुढे गेल्या वर्षी अर्ज किती आले आणि टॅग किती दिले, हे दिलेलं होतं. काही झोनवर लोक नुसते तुटून पडले होते. आता, सोडत या विषयात मला कोणी शिकवू नये. सरकारी घरांच्या सोडतीत मी तरुणपणापासून अर्ज भरलेत आणि प्रत्येक वेळी मोक्याच्या जागेचा हट्ट धरून हात हलवत परत आलोय. अनुभवाचं सार एकच, जिथे गर्दी तिथे आपण जायचं नाही. सिंहस्थातसुद्धा आम्ही पर्वणीच्या दिवशी गंगेवर फिरकत नाही, गर्दी ओसरली की सावकाश जाऊन येतो.

नकाशाच्या पार वरच्या कोपऱ्यात एक झोन सापडला. अर्ज जवळपास नाहीतच. टॅग मिळण्याची शक्यता शंभर टक्के!

“बघ,” मी म्हणालो. “एवढा मोठा झोन आणि कोणाचं लक्षच नाही.”

“बराबर हाय,” बापू म्हणाला. “त्ये गर्दीत थांबतच नाय. माझ्या मक्यात बी मानूस हटला की मगच येतं. जिथं मानूस नाय तिथं त्ये असनारच.”

एका झोनमध्ये कोणीच का जात नसेल, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही. नंतर मुग्धाने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, “मला आश्चर्य वाटत नाही.”

मग हंगाम. इथे हिला विश्वासात घ्यावं लागलं, कारण कालनिर्णयाचं खातं तिच्याकडे आहे. शिकार ऐकून ती आधी हादरली. पण जावयाच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हटल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, चष्मा लावला आणि अटी घालायला सुरुवात केली.

“पहिला हंगाम कधी?”

मी तारखा वाचल्या.

“पितृपक्ष. नाही जमायचं.”

“दुसरा.”

“नवरात्र. घट बसलेले असताना जीवहत्या? काहीतरीच.”

“तिसरा.”

“ऐन दिवाळी.”

“बरं, मग डिसेंबरमधला?”

“मार्गशीर्ष आहे. गुरुवार असतात.”

“अगं, आठवड्यातून एकच गुरुवार असतो.”

“आणि ते नेमकं गुरुवारीच समोर आलं तर? निनादरावांनी काय करायचं, परत पाठवायचं?”

उरला शेवटचा हंगाम, जानेवारीतला. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर घरात नव्हतं, म्हणून हिने बोटांवर महिने मोजले आणि ती म्हणाली, “पौष. पौषात काही नसतं.”

“पन पौष चांगला नाय म्हनत्यात,” बापूला शंका आली.

“लग्नाला चांगला नाही, भावजी. हरणाचं काय लग्न लावायचंय?”

पौष ठरला. या हंगामापुढे एक बारीक अट होती, शिकार फक्त धनुष्यबाणाने. ही अट मी वाचली नाही असं कोणी म्हणू नये. मी वाचली, आणि मला ती फार आवडली. बंदूक म्हणजे आवाज आला. आवाज म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. (सेक्रेटरीचं डोकं असंच चालतं.) धनुष्यबाणाचं बरं, कुणाला कळणार नाही, कुणाची झोपमोड होणार नाही.

शेवटी टॅगचा प्रकार. शिंगवाला नर, की बिनशिंगाची मादी?

“मादी अजिबात नको,” ही म्हणाली. “पोटुशी असली म्हणजे?”

शिंगवाला नर. सगळं नीट बसलं होतं. अर्ज निनादबरोबर रविवारी भरायचा होता, पण मुदतही नेमकी त्याच रविवारी संपत होती. आता शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद पडतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे! मी म्हटलं, जावयाला कशाला त्रास? लॉगिन होतंच. मी अर्ज भरला, ‘यानंतर बदल करता येणार नाही’ यावर ‘मान्य’ केलं आणि बटण दाबलं. निनादला कळवलं, “निश्चिंत राहा, काम फत्ते.” त्याने अंगठा पाठवला. बिचारा खरंच कामात होता.

सोडतीत अर्थातच नंबर लागला. मी सोसायटीत पेढे वाटले. समोरचे देशपांडे वकील दारात पेढा हातात घेऊन म्हणाले, “काय, गोड बातमी?”

“जावयाला हरीण लागलं,” मी म्हणालो.

“म्हणजे गाडीला?”

“नाही हो, सोडतीत. जानेवारीत मारायचंय.”

वकिलांनी पेढा परत डब्यात ठेवला. वन्यजीव कायद्याची कलमं त्यांनी मला तिथेच, जिन्यात ऐकवली. अमेरिकेचा खुलासा मी पहिल्याच कलमाला केला होता, पण एकदा सुरू झालेला वकील मध्येच थांबवता येत नाही. पेढा मात्र नंतर त्यांनी घेतला.

त्याच रात्री निनादचा फोन आला. कॅमेऱ्यात त्याचा चेहरा मुळीच हलत नव्हता. मला वाटलं, नेट अडकलं.

“बाबा, हा झोन तुम्ही निवडलात?”

“शंभर टक्के खात्रीचा!”

“बाबा, तिथे हरीण नाही.”

“म्हणजे कमी आहेत?”

“दलदल आहे. आणि जानेवारीत सगळी गोठलेली असते. बॉस आणि बाकीचे खाली दक्षिणेला जाणार आहेत, नोव्हेंबरमध्ये, बंदुका घेऊन. मला धनुष्य धरता येत नाही, बाबा.”

“शिकाल हो. पण एखादं चुकून आलंच तर शिंगवाल्याचा टॅग आहे आपल्याकडे.”

“जानेवारीपर्यंत नरांची शिंगं गळून पडायला लागतात,” तो म्हणाला. “असू द्या. तुम्ही एवढा वेळ दिलात, थँक्यू.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. चांगला चार शब्द बोलला असता, तर मीही सासरा म्हणून दोन शब्द बोललो असतो आणि काहीतरी बोलणं झालं असतं. पण पुढच्या रविवारपासून आम्ही परत ‘नमस्कार बाबा’वर आलो. ‘तब्येत?’सुद्धा गळून पडलं, हरणाच्या शिंगांसारखं. नोव्हेंबरमध्ये बॉसची टोळी शिकारीला गेली आणि निनाद नुसती मान हलवायच्या लोकांत ऑफिसात मागे राहिला. मुग्धाने हे हिला सांगितलं, हिने मला, आणि मी त्या रात्री जेवलो नाही. (नंतर थोडा दूधभात घेतला.)

डिसेंबरात बॉसने त्याला विचारलं, “अरे, तू आलाच नाहीस. कुठला झोन घेतलास?” निनादला खोटं बोलता येत नाही. त्याने झोन सांगितला, महिना सांगितला, धनुष्यबाण सांगितला. बॉसला वाटलं, हा थट्टा करतोय. तेव्हा निनादने सगळं सविस्तर सांगितलं, पितृपक्षापासून पौषापर्यंत. बॉस म्हणे खुर्चीवरून घसरला. मग डोळे पुसत म्हणाला, “मी येतो तुझ्याबरोबर. तुझ्या सासऱ्यांचा झोन मला बघायचाय.”

अशा रीतीने जानेवारीत निनाद आणि त्याचा बॉस, दोघेच, बर्फात एका ताडपत्रीआड जाऊन बसले. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. मुग्धाने व्हिडिओ कॉल जोडून दिला होता आणि मी तो टीव्हीवर घेतला. बापू खास नांदगावहून आला होता. पडद्यावर नुसतं पांढरं होतं. बराच वेळ आम्ही सगळे भक्तिभावाने ते पांढरं बघत बसलो.

आणि काहीतरी हललं.

“त्ये!” बापू पुटपुटला.

खरोखरच, समोर एक हरीण उभं होतं. धिप्पाड, रुबाबदार आणि डोक्याने तुळतुळीत. आपल्या टॅगला ते चालणार नव्हतं, पण होतं तर खरं. माझ्या झोनमध्ये हरीण होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पलीकडून निनादचा श्वासही ऐकू येईना. बापूने मला गप्प बसण्याची खूण केली. हरणाने एक पाऊल पुढे टाकलं, ताडपत्रीच्या दिशेने.

आणि आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

ती इंदिरानगरातून निघालेली शिट्टी निनादच्या फोनमधून त्या गोठलेल्या दलदलीवर अशी काही घुमली, की हरीण जागच्या जागी उडालं. ते उडून खाली येतंय तोवर दुसरी शिट्टी झाली. त्यानंतर त्या झोनमध्ये जे एक हरीण होतं, तेही राहिलं नाही.

“मी फक्त खिचडी लावली होती,” आतून ही म्हणाली.

पडद्यावर बॉसचं तोंड दिसलं. त्याने निनादला काहीतरी विचारलं, निनादने उत्तर दिलं, आणि दोघेही बर्फात आडवे होऊन हसायला लागले. आमचा निनाद एवढा हसतो हे मी प्रथमच पाहिलं. नंतर मुग्धाने सांगितलं. बॉसने विचारलं होतं, “हा कुठला पक्षी?” आणि निनाद म्हणाला होता, “माझ्या सासूबाई.”

आता बॉस सगळ्या ऑफिसला ही गोष्ट सांगतो, दर वेळी निनादला शेजारी बसवून. पुढच्या शिकारीला त्याची जागा पक्की आहे. (झोन बॉस निवडणार आहे.) आणि निनाद हल्ली दर रविवारी मला न चुकता विचारतो, “बाबा, तुमचं काय मत?” मी इतका खूश होतो की शेवटी मुग्धाला राहवलं नाही. “बाबा, तुम्ही सांगाल त्याच्या बरोब्बर उलट करायचं, असं त्याने ठरवलंय,” ती म्हणाली. “आत्तापर्यंत एकदाही फसला नाही.”

म्हटलं ठीक आहे, आपणही प्लॅनिंगमधली माणसं आहोत. मध्यंतरी त्याने दोन गाड्यांचे फोटो पाठवले, एक पांढरी, एक निळी. मी चार दिवस अभ्यास केला. निळी उत्तम आहे अशी माझी पक्की खात्री झाली, म्हणून मी मुद्दाम त्याला पांढरी घ्यायला सांगितलं. त्याने लगेच निळी घेतली. ती पहिल्याच थंडीत भर रस्त्यात बंद पडली. सासऱ्याचं मत उलटं करूनही असं कसं झालं, हे निनादला अजून कळलेलं नाही, आणि मीही त्याला सांगितलेलं नाही.